फॉरमॅट मारण्याआधी

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मराठीच्या मॅडमनी पोटात घालावं. पण हा राग इंग्लिशमध्ये नीट निघत नाही.

आपल्या हॉस्टेलमध्ये पी.सी. आजारी पडला की औषध एकच, फॉरमॅट मार! माझा पी.सी. मागच्या सेमिस्टरला असाच छळत होता. टायपिंग करा, सिनेमा बघा, काही तक्रार नाही. प्रोजेक्टचं सिम्युलेशन लावलं की दहा मिनिटांत फट्‌कन बंद. निळी स्क्रीनसुद्धा नाही. मी तीनदा फॉरमॅट मारला. त्यात एकदा प्रोजेक्टचा डेटा गेला आणि पार्टनर आठवडाभर बोलला नाही. मग कोणी म्हणालं रॅम. बदलापूरहून लोकलने उल्हासनगर गाठलं, रॅम आणली. मग ग्राफिक्स कार्ड. बाबांचे साडेसहा हजार गेले, मशीन जिथल्या तिथे.

शेवटी अंबरनाथला एका मित्राच्या काकांकडे कॅबिनेट नेलं. काका एम.आय.डी.सी.त मेंटेनन्सला आहेत.

"12 व्होल्ट मोजलेस का?"

"हो काका, 12.1 आले."

"मशीन नुसतंच चालू होतं ना? अरे, रिकामा टेम्पो कुठलाही घाट चढतो. माल भरून मोज."

सिम्युलेशन लावलं. एस.एम.पी.एस.च्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर मल्टिमीटर धरला. 11.8, 11.5, 11.2... आणि अंधार! या लाइनवर 5 टक्के फरक चालतो, म्हणजे 11.4 च्या खाली जाता कामा नये. चार सेमिस्टर मी ओहमचा नियम लिहितोय, पण लोड देऊन मोजायचं मला सुचलं नाही. (एस.एम.पी.एस.चा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.)

दर वेळी एस.एम.पी.एस.च गुन्हेगार असेल असं नाही. एप्रिल-मेमध्ये बदलापूर मुंबईपेक्षा जास्त तापतं, त्यात फॅनवर धुळीची गोधडी. तेव्हा आधी टेंपरेचर बघा. दर वेळी वेगळी निळी स्क्रीन येत असेल तर रात्रभर मेमटेस्ट लावून झोपा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मग काहीच कळेना.

आणि मेसेजवर आंधळा विश्वास नको. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या आणि 14व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम कोसळायचे, मेसेज यायचा व्हिडिओ मेमरी संपल्याचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डला शिव्या घातल्या. दोष निघाला प्रोसेसरचा! जास्त व्होल्टेज जाऊन तो आतून खराब होत होता. इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी 2 वर्षं वाढवावी लागली.

आता थोडं स्टाफसाठी. सर, लॅबमधला पी.सी. लोडवर दोनदा बंद पडला की तो डेड स्टॉकच्या खोलीत जातो. त्यातले कितीतरी नुसत्या धुळीने नाहीतर एका एस.एम.पी.एस.ने अडले असतील. एक मल्टिमीटर आणि एक चांगला एस.एम.पी.एस. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये ठेवा आणि ती खोली महिन्यातून एक शनिवार आम्हाला उघडून द्या. जे चालू होतील ते फर्स्ट इयरच्या मुलांना वापरू द्या. सगळ्यांचे बाबा साडेसहा हजार देऊ शकत नाहीत.

रेक्टर सरांकडे अर्ज दिलाय. तोवर काकांचा जुना मल्टिमीटर माझ्याकडे आहे, रूम 214. बॅटरी मात्र ज्याची त्याने आणावी.