दोरीच्या टोकाचा माणूस

माणसाच्या हाती चार पैसे खेळू लागले की त्याला आधी वाहन सुचते आणि वाट मागाहून. जलक्रीडेच्या बाबतीत आपल्याकडे काहीसे हेच होऊ पाहत आहे. किनाऱ्यावरची गर्दी किनाऱ्यात मावेनाशी झाल्यावर हौशी आणि व्यावसायिक या दोघांचीही नजर नद्यांकडे वळावी, हे स्वाभाविक आहे. वॉटर स्कीइंगला समुद्राची उसळी चालत नाही. त्याला आरशासारखे शांत पाणी लागते आणि ते नदीत मिळते. पण नदी म्हटली की तिच्यात गाळ आला, खडक आले, पुरात वाहून येऊन तळाशी रुतलेली झाडे आली. मग जाणकार म्हणविणारे सल्ला देतात की, नेहमीची पंख्याची नौका घेऊ नका, छोटी जेट बोट घ्या. ती वीतभर पाण्यावरून धावते आणि तिला खाली पंखाच नाही, तेव्हा मोडणार काय? हा सल्ला खोटा नाही. परंतु तो अर्धाच खरा आहे. आणि पाण्यावर अर्धे सत्य हे पुऱ्या असत्याहून अधिक घातक ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जेट बोटीचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात मेंढ्यांचे कुरण सांभाळणारे आणि हाडाचे यंत्रज्ञ असलेले विल्यम हॅमिल्टन यांनी १९५४ मध्ये या नौकेचे प्रयोग सुरू केले. आपल्या प्रदेशातील उथळ, अनेक धारांत फुटलेल्या नद्या त्यांना प्रवाहाविरुद्ध चढावयाच्या होत्या. नौकेच्या तळातील जाळीतून पाणी आत ओढावयाचे, पोटातील फिरत्या चक्राने त्याला वेग द्यावयाचा आणि पाठीमागील तोटीतून ते जोराने बाहेर फेकावयाचे, हे तत्त्व जुनेच होते. पण हा झोत पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर सोडला तर नौका कितीतरी अधिक वेगाने धावते, हे हॅमिल्टन यांनी सिद्ध केले. १९६० साली त्यांच्या नौका अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून उलट्या दिशेने वर चढल्या. हा पराक्रम खराच आहे.

मात्र हॅमिल्टन यांच्या नद्या प्रामुख्याने गोट्यांच्या होत्या. त्यांचे संकट उथळपणाचे होते. बुडालेल्या झाडांच्या नदीचे संकट निराळे असते. तेथे पाणी दोन पुरुष खोल असूनही एखादे खोड तळातून उभे राहून पृष्ठभागाच्या दोन बोटे खाली येऊन थांबलेले असते, आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाही. मिसिसिपी नदीवरील जुन्या तांडेलांनी अशा खोडांना वेगवेगळी नावे दिली होती. तळाशी घट्ट रुतून बसलेले एक, आणि प्रवाहाबरोबर लाकूड कापणाऱ्या करवत्याप्रमाणे खालीवर होणारे दुसरे. पहिले निदान एके ठिकाणी तरी असते; दुसरे या क्षणी दिसते आणि पुढच्या क्षणी नाहीसे होते. त्याच नदीवर तांडेलकी केलेल्या एका लेखकाने खोली मोजणाऱ्या खलाशाच्या आरोळीवरून ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव घेतले. त्या आरोळीचा अर्थ दोन वाव, म्हणजे १२ फूट पाणी आहे, नौका निर्धास्त जाऊ द्या. आधी मोजणे आणि मग जाणे, हा त्या धंद्याचा पहिला धडा होता.

आता स्कीइंगचा विचार करू. नौकेमागे सुमारे २३ मीटर दोरी, आणि दोरीच्या टोकाला पायांत फळ्या बांधलेला माणूस. नौका ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असेल तर ती सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर कापते. नौकेने एखादी जागा ओलांडल्यावर दोन सेकंदांच्या आत तो माणूस तेथे पोहोचतो. पण तो नौकेच्या वाटेने थोडाच येतो? डावीकडून उजवीकडे झोके घेणे हाच तर या खेळाचा आनंद. म्हणजे नौका ज्या पाण्यावरून गेलीच नाही, त्या पाण्यावरून तो जातो. त्याच्या फळीखाली दोन-अडीच इंचांचे पाते असते. ते ओंडक्यात अडकले की तो फेकला जातो. तो पडला की पाण्यात छातीपर्यंत, प्रसंगी डोक्यापर्यंत जातो. त्या पाण्यात फांदीचा सुळका असेल तर नौका किती उथळ पाण्यातून गेली, याला काय अर्थ उरतो? जेट बोट वाचविते ती स्वतःला, दोरीच्या टोकाच्या माणसाला नव्हे. उलट, जेथे पंख्याची नौका भीतीनेच गेली नसती तेथे ती बेधडक जाते आणि आपल्यामागे माणसाला ओढत नेते. तिचा गुणच येथे दोष होऊन बसतो.

दुसरी गोष्ट यंत्राची. वीतभर पाण्यावरून जाण्याची किमया नौका वेगात, पाण्यावर उचललेली असतानाच साधते. स्कीपटूला उठविताना मात्र ती थांबलेली असते. मग जोर करताच तिचे शेपूट खाली बसते, नाक वर होते आणि तळाची जाळी तळाच्या अगदी जवळ येते. त्याच क्षणी ती सर्वाधिक ताकदीने पाणी ओढत असते, आणि त्याबरोबर वाळू, शेवाळ, काटक्याही ओढते. जाळी तुंबली की ताकद जाते. शिवाय या नौकेला निराळे सुकाणू नसते. पाठीमागचा झोत वळवूनच ती वळते. समोर ओंडका दिसला की नवखा चालक घाबरून वेग तोडतो. वेग तुटला की झोत संपतो, आणि झोत संपला की नौका वळत नाही, सरळ ओंडक्यावर जाते. पंखा नाही म्हणून पाण्यातील माणसाला धोकाच नाही, हाही भ्रम आहे. जाळीकडे मोकळे केस, दोरी, सैल कपडे ओढले जातात आणि पाठीमागच्या झोताने गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा माणूस शिडीपाशी आला की यंत्र बंद, हा नियम येथेही तितकाच कडक हवा.

तरीही ज्याला अशी नौका घ्यावयाचीच आहे त्याने काय पाहावे? तिची झळाळी आणि कमाल वेगाचा आकडा यांकडे प्रथम पाहू नये. ओढण्याच्या कामाला कमाल वेगापेक्षा प्रारंभीची पकड महत्त्वाची. चौघांना बसवून आणि एका भारदस्त स्कीपटूला दोरीला लावून ती त्याला किती अंतरात उठविते, हे पाण्यावर पाहावे. चार-साडेचार मीटरांची हलकी नौका बाजूला झोका घेणाऱ्या माणसाच्या ओढीने तिरकी होते; म्हणून दोरीचा खांब शेपटाला नव्हे तर मध्याच्या जवळ असावा. तळ अगदी सपाट असेल तर ती वळणावर घसरते आणि लाटेवर आपटते. फार खोल असेल तर उथळ पाण्याचा लाभच जातो. मध्यम उताराचा तळ बरा. ओंडक्यांच्या नदीत ॲल्युमिनियमचा जाड पत्रा पोचतो, पण फायबरसारखा सहसा तडकत नाही. यंत्र बंद करून जाळी आतून साफ करण्याची सोय हवी. चालकाच्या अंगाला बांधलेली, तो पडताच यंत्र थांबविणारी दोरी हवी. आणि चालकाखेरीज दुसरा माणूस नौकेत हवाच. चालकाने पुढे पाहावयाचे, याने मागे. एकट्याने नौका हाकून मागे माणूस ओढणे हा खेळ नव्हे, बेजबाबदारपणा आहे.

यावर काहींचे उत्तर तयार असते की, ओंडकेच काढून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. हा प्रयोग ऑस्ट्रेलियाने करून पाहिला आहे. सुमारे २५०० किलोमीटर लांबीच्या मरे नदीवर १८५३ मध्ये आगबोटी सुरू झाल्या आणि त्यांच्या वाटेसाठी तळातील झाडे उपसण्यास प्रारंभ झाला; तो उद्योग शंभराहून अधिक वर्षे चालला. तेथील काठचा तांबड्या लाकडाचा निलगिरी वृक्ष जड. तो पाण्यात पडला की बुडतो आणि दीर्घकाळ टिकतो. नौकांना तो अडसर वाटला, पण ‘मरे कॉड’ या तेथील प्रसिद्ध माशाचे ते घर होते. पोकळ खोडांत तो अंडी घालतो. अतिरिक्त मासेमारी, धरणे आणि ही साफसफाई यांनी मिळून त्या माशाला उतरती कळा आणली. अखेर आमच्या शतकात, ह्यूम धरण आणि यारावोंगा यांच्यामधील पट्ट्यात चार हजारांहून अधिक ओंडके नदीत परत टाकण्याची पाळी सरकारवर आली. एका पिढीने खर्च करून काढावे आणि दुसऱ्या पिढीने खर्च करून परत ठेवावे, याहून बोलका धडा कोणता? त्याच मरे नदीवर आजही वॉटर स्कीइंग चालते, एचुका येथे ८० किलोमीटरांची शर्यतही होते. पण कोठे ओढावे, कोठे ओढू नये, याचे नियम तेथे आहेत, आणि तळ ठाऊक असलेल्या पट्ट्याला तेथे मान आहे. धरणाचे पाणी कमीजास्त होताच कालची वाट आज वाट राहत नाही, हे तेथील माणूस जाणतो.

आपल्या नद्यांत निलगिरीची खोडे नसतील. पण अडसर काय थोडे आहेत? मांडवी, जुवारी, शापोरा यांच्या पात्रांत जाळी लावण्यासाठी रोवलेले खुंट आहेत, गाळाने वर आलेले तळ आहेत, खाणींच्या धंद्याची आठवण देणारे निकामी बार्ज आहेत. आपले पाणी भरती-ओहोटीचे. सकाळी पुरुषभर असलेले दुपारी गुडघाभर होते. ओहोटीला त्याच पाण्यात कमरेत वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायका उभ्या असतात. कुंभारजुव्याच्या खाडीत तर मगरीही आहेत! आणि काठाला खाजन शेतीचे मातीचे बांध आहेत. नौका पूर्ण वेगात असताना नव्हे, तर वेग घेताना आणि सोडताना सर्वांत मोठी लाट उठविते. स्कीइंगमध्ये हे दिवसातून शंभर वेळा घडते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला बांध त्या लाटांनी खचला आणि शेतात खारे पाणी शिरले, तर भरपाई कोण देणार? उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपल्या पूर्वजांनी माणसांसाठी केली. जेट बोटीच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरावयाची.

डिसेंबर २०२४ मध्ये कळंगुटच्या किनाऱ्यालगत पर्यटकांची नौका उलटून एकाला प्राण गमवावा लागला. अशा प्रत्येक प्रसंगानंतर तपासणीची घोषणा होते, आणि तपासणी होते ती नौकेची: कागद आहेत का, जीवरक्षक जाकिटे आहेत का. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने नौकांची नोंदणी, तपासणी आणि चालकाची पात्रता यांची चौकट घालून दिली आहे, तीही हवीच. पण नदीतील स्कीइंगला तेवढ्याने भागणार नाही. परवाना नौकेला देण्याआधी तो पट्ट्याला दिला पाहिजे, अशी आमची मागणी आहे. बंदर कप्तान खात्याने सर्वांत खोल ओहोटीच्या वेळी तळ तपासून, जेथे पुरुषभर पाणी निर्वेध राहते तेवढाच पट्टा तरंगत्या खुणांनी आखून द्यावा. तो ठरविताना मच्छीमारांना आणि खाजनाच्या कुळांना विचारावे. नदीचा तळ कचेरीतील नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे. दर पावसाळ्यानंतर तो नव्याने तपासल्याखेरीज खुला करू नये. आणि पर्यटकाच्या हौसेपायी मच्छीमाराचा एकही खुंट उपटला जाऊ नये. तो खुंट नौकेच्या वाटेत आलेला नाही. नौका त्याच्या वाटेत आली आहे.

आम्ही खेळाचे वैरी नाही. तरुणांनी पाण्याची भीती टाकावी, नदीशी सलगी करावी, असेच आम्हांला वाटते. सणासुदीला नदीची ओटी भरणाऱ्या समाजाच्या मुलांना पोहता येत नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. पण सलगी ओळखीने होते, यंत्राच्या जोराने नव्हे. ज्याला नौका निवडावयाची आहे त्याने आधी नदी निवडावी, तिचा पट्टा वल्ह्याच्या होडीतून, काठी घेऊन, वीतवीत चाचपावा. आणि मगच दुकानाची पायरी चढावी. या क्रमाने गेल्यास पुष्कळदा असे आढळेल की पट्टा स्वच्छ आणि खोल आहे, तेव्हा जेट बोटीची गरजच नाही. अथवा पट्टा इतका अवघड आहे की तेथे कोणत्याच नौकेमागे माणूस बांधू नये. जेट बोटीने त्या पाण्यातून जरूर हिंडावे, बुडत्याला वाचवावे, पुरात औषध पोहोचवावे. मागे दोरी मात्र सोडू नये.