अशिलाचा पैसा वेगळ्या खात्यात हवा

मावळातल्या तुंगार्लीत प्लॉटचा व्यवहार ठरला की वकील सात-बारा, फेरफार तपासतो, वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर नोटीस देतो. हरकतींची मुदत संपेपर्यंत विसाराची रक्कम त्याच्याकडे राहिली, तर ती कुठल्या खात्यात पडून आहे हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की, वकिलाने अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा, पैसे आल्याचे लवकरात लवकर कळवावे, मागितल्यास हिशेबाची प्रत द्यावी. नियम चांगले आहेत. पण वेगळ्या बँक खात्याची सक्ती त्यांत नाही, आणि हा हिशेब दरवर्षी कोणी तपासायचा तेही त्यांत नाही. त्यामुळे अफरातफर कळते ती पैसे गेल्यावर, आणि दाद मागायची ती ज्याचे गेले त्यानेच.

दाद मागायला अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम 35 आहेच, असे वकील मंडळी म्हणतील. ते किती पुरते, हे उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणावरून दिसते. भूसंपादनाच्या भरपाईचे 8,118 रुपये कोर्टात जमा झाले होते. वकिलाने ते 1987 मध्ये उचलले आणि निरक्षर, वृद्ध अशिलाला दिलेच नाहीत. शिस्तपालन समितीने सनद काही काळापुरती निलंबित केली. ती कायमची काढून घेतली सर्वोच्च न्यायालयाने, 2002 मध्ये. धरणासाठी आणि एक्स्प्रेस वेसाठी जमिनी दिलेल्या मावळात भरपाईच्या चेकचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इतकी वर्षे थांबण्याचे बळ किती घरांत असते?

न्यायालयाने वेळेवर हात घातला तर काय घडते, तेही पाहू. 2018 च्या लायन एअर विमान अपघातातील मृतांच्या वारसांचे पैसे लॉस एंजेलिसच्या जिरार्डी कीज या फर्मने दाबून ठेवले. डिसेंबर 2020 मध्ये शिकागोच्या फेडरल न्यायाधीशांनी फर्मची मालमत्ता गोठवली. फर्मचा प्रमुख टॉम जिरार्डी 2024 मध्ये दोषी ठरला. तिथे अशिलाच्या पैशाचे वेगळे ट्रस्ट खाते आधीपासून सक्तीचे होते, तरीही हे घडले. म्हणून कॅलिफोर्नियाने नंतर त्या खात्यांची दरवर्षी नोंद देणे बंधनकारक केले. नुसते खाते पुरत नाही, त्यावर नजरही ठेवावी लागते, एवढे यातून स्पष्ट होते.

अशी नजर ठेवली तर अशिलाची गुपिते फुटतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तपासायची आहे ती जमा, खर्च आणि शिल्लक. केसची फाइल कोणी मागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या वकिलावर कागदपत्रांचा बोजा पडेल, हेही खरे. जो अशिलाचा पैसा हातात घेतच नाही, त्याला यातून वगळावे. घेणाऱ्याने मात्र वेगळे खाते उघडावे, वर्षातून एकदा त्याचे विवरण राज्य बार कौन्सिलकडे द्यावे, आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर ते खाते गोठवण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना असावा. काही पैसा तर वकिलाच्या हाती येण्याचीही गरज नाही. मोटार अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितले आहे. भूसंपादनाच्या वाढीव भरपाईलाही तोच नियम लावायला काही अडचण दिसत नाही.