फ्रायबुर्गचं घर

जर्मनीला निघालात की लोक ऱ्हाइन, म्युनिक, ब्लॅक फॉरेस्ट अशी यादी हातात देतात. माझ्या यादीत पहिलं होतं फ्रायबुर्गमधलं एक घर. एएफएसच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीत शाळकरी वयात मी तिथे राहिलो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची ही संस्था. १९४७ पासून ती मुलांना परदेशी घरांत पाठवते, आणि बहुतेक घरं त्यासाठी मोबदला घेत नाहीत. परक्याचं पोर पदरात घ्यायचं, अभ्यासासाठी त्याला रागवायचं, तापात उशाशी बसायचं, याला मोठं मन लागतं. या वेळी दार उघडताच तिथल्या आईने माझ्यासाठी काढून ठेवलेल्या सपाता पुढे केल्या. संध्याकाळी त्यांचं नेहमीचं थंड जेवण: राय धान्याचा पाव, चीज, आंबवलेली काकडी. तिथल्या बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून सगळे मोठ्याने बोलत होते. त्या माऊलीने पहिली चौकशी केली ती माझ्या आईच्या गुडघ्यांची. दोघी कधी भेटलेल्या नाहीत, पण दिवाळी-नाताळला एकमेकींना पत्र चुकत नाही. पुढच्या हिवाळ्यात तिथल्या आई-बाबांना पुण्याला आणायचं ठरलंय. आईने माळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकायलाही सुरुवात केली आहे.