मुरमाडीची फाइल अधिवेशनात उघडा

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि विदर्भाचं गाऱ्हाणं मांडलं जातं. सिंचनाचा अनुशेष, कापसाचा भाव, धानाचा बोनस. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीजवळचं मुरमाडी मात्र त्या यादीतून कधीच गळून पडलंय.

14 फेब्रुवारी 2013 ला इथल्या तीन सख्ख्या बहिणी बेपत्ता झाल्या. थोरली जेमतेम अकरा वर्षांची. दोन दिवसांनी तिघींचे मृतदेह विहिरीत सापडले. पोलिसांनी आधी अकस्मात मृत्यूची नोंद करून टाकली. बलात्कार आणि खुनाचा गुन्हा लागला तो शवविच्छेदनानंतर. लोक खवळले, महामार्ग रोखला, तपासासाठी पथकं फिरली. शिक्षा आजवर कुणालाही झालेली नाही.

पॉक्सो कायदा लागू होऊन तेव्हा बरोबर तीन महिने झाले होते. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरचा कडक अध्यादेश तर जेमतेम अकरा दिवसांचा. कायद्यांची कमतरता नव्हती, ते पाळण्याची होती; पीडितेची ओळख उघड न करण्याचा नियमही त्यातलाच. 1 मार्चला केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी राज्यसभेत निवेदन केलं आणि त्यात तिन्ही मुलींची नावंच सांगितली! अरुण जेटलींनी आक्षेप घेतल्यावर ती कामकाजातून काढावी लागली. शिंदे एकेकाळी स्वतः फौजदार होते.

पण खरी गफलत पोलीस ठाण्याच्या पातळीवरची होती. विहिरीचा काठ, पायवाट, कपडे, शेवटचं कुणी पाहिलं, हे सगळं पहिल्या काही तासांत हाती लागतं किंवा कायमचं जातं. 'अकस्मात मृत्यू' लिहिलं की ती घाईच संपते. पुढच्याच वर्षी नागपुरात आठ वर्षांच्या मुलाचं अपहरण करून खून झाला. आरोपी काही दिवसांत पकडले गेले, 2016 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. दोन्ही प्रकरणं सारखी नव्हती, हे मान्य. पण शहरातल्या सुस्थित घरचं मूल हरवलं तर जी धावपळ होते, ती खेड्यातल्या गरीब घरासाठी होते का?

सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 ला बजावलं, की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवा आणि अपहरण गृहीत धरूनच तपास करा. मुरमाडीला तो आदेश तीन महिने उशिरा आला. ठाण्यांमध्ये तो किती पाळला जातो, हे आमदारांनी विचारायला हवं.

येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांनी मुरमाडीवर सभागृहात निवेदन करावं: तपास कुठे थांबला, कोणत्या कारणाने थांबला, आणि पुन्हा सुरू होणार की नाही.