डायरेक्ट करून द्या!

लिथियम-आयन सेलचा आकडा ४.२ व्होल्ट. लॅपटॉपमध्ये, पॉवरबँकेत, रस्त्यावरच्या अनेक ई-स्कूटरच्या पेटीत जे सेल असतात, त्यांचे चार्जिंग तिथे थांबायला हवे. बनवणारा त्यात सूट देतो ती फार तर ०.०५ व्होल्टची. फॉस्फेटच्या सेलचा आकडा ३.६५, नव्या मोबाईलचा थोडा चढा. ज्याचा त्याचा वेगळा, पण प्रत्येकाचा नेमका. इतकी काटेकोर वस्तू आपण अशा घरांत आणून ठेवली आहे, जिथे तापाचे औषध अंदाजाने पाजले जाते आणि फ्यूज उडाला की जाड तार पिळून बसवणाऱ्याला हुशार म्हणतात.

हा सेल शोधणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल मिळाले. स्पर्धा परीक्षेचा मुलगा ही नावे झोपेतही सांगेल. आपल्या चार्जरच्या पाठीवर काय छापले आहे, ते मात्र जागेपणीही सांगणार नाही. आपले शिक्षण ते हेच.

चार्जिंग म्हणजे काय, तर लिथियमचे आयन एका बाजूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसणे. आधी ठरावीक करंट द्यायचा, ४.२ गाठले की व्होल्टेज तिथेच धरायचे, करंट उतरत उतरत अगदी थोडा राहिला की बंद करायचे. त्यापुढे रेटले तर ग्रॅफाइटमध्ये जागा उरत नाही आणि लिथियम धातू होऊन वरच साचतो. समोरच्या बाजूला ऑक्साइडचा सांगाडा खिळखिळा होऊन ऑक्सिजन सोडू लागतो, आणि मधला द्रव तर मुळातच पेट घेणारा. इंधन आत, ऑक्सिजन आत, उष्णताही आत. ही साखळी एकदा धरली की प्लग उपटून काही होत नाही. शिवाय पहिल्याच रात्री भडका उडेल असेही नाही. बॅटरी महिनोन् महिने जास्तीचे व्होल्टेज सोसते, फुगते, तापते, आणि आपण म्हणतो, "चालतंय की!" चालतंय तोवर बरोबर, ही आपली नीतिमत्तेचीसुद्धा व्याख्या आहे.

स्पेअर पार्टच्या दुकानात उभे राहून चार्जरची खरेदी पाहावी. "किती व्होल्ट?" "अठ्ठेचाळीस." पिन बसते का बघतात, लाल दिवा लागतो, पैसे देऊन माणूस मोकळा. पण अठ्ठेचाळीस हे नुसते नाव आहे. पेटीत तेरा सेलची माळ असेल तर चार्जर ५४.६ व्होल्टला थांबणारा हवा, चौदाची असेल तर ५८.८ ला. दोन्ही पेट्या अनेकदा अठ्ठेचाळीसच्या म्हणूनच विकल्या जातात. चौदाचा चार्जर तेराच्या माळेला लावला तर एकेका सेलच्या वाट्याला ४.५२ व्होल्ट येतात. घरात पडलेला लेड-ॲसिडचा जुना चार्जर लावला, तर तोही ५७.६ च्या आसपास जातो, म्हणजे सेलमागे ४.४३. भागाकार शाळकरी पोराला जमेल असा आहे. तो करायची गरज मात्र विकणाऱ्याला वाटत नाही, घेणाऱ्याला वाटत नाही, आणि शेजारी उभ्या पदवीधरालाही वाटत नाही.

यावर उपाय म्हणून पेटीत बीएमएस नावाची पट्टी बसवलेली असते. ती प्रत्येक सेलवर नजर ठेवते आणि एक जरी हद्द ओलांडू लागला तरी पुरवठा तोडते. मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, चार्जिंग मध्येच बंद पडतेय. मेकॅनिक पेटी उघडतो. निळ्या आवरणातले सेल, निकेलच्या पट्ट्या, कडेला ती हिरवी पट्टी. कुठला तरी सेल कमजोर झालाय, म्हणून ती आपले काम करतेय. सेल बदलायचा तर त्याच जातीचा, त्याच क्षमतेचा शोधायचा, पट्ट्या उपटून पुन्हा वेल्ड करायच्या, सगळी माळ समपातळीवर आणायची. वेळ जाणार, पैसे जाणार. "डायरेक्ट करून देऊ?" गिऱ्हाईक आनंदाने म्हणते, द्या. पट्टीला वळसा घालून तार जोडली जाते. ओरडणाऱ्याचे तोंड बांधायचे आणि सगळे सुरळीत झाले म्हणायचे, ही रीत आपण माणसांच्या बाबतीतही पाळतो.

मेकॅनिकला शिव्या घालायला सगळे टपलेलेच असतात. त्याला हे शिकवले कोणी? माहितीपत्रक इंग्रजीत नाहीतर चिनीत. मराठीत ही विद्या त्याच्यापर्यंत पोहोचवावी असे आमच्या विद्वानांना वाटले नाही. त्यांचे चर्चासत्र, त्यांचा चहा आणि त्यांचे प्रमाणपत्र. ज्या घरात इंजिनियर आहे तिथे मल्टिमीटर नाही, आणि ज्याच्या हातात मल्टिमीटर आहे त्याच्याशेजारी बसून चार आकडे समजावणे कुणाला आपले काम वाटत नाही. विद्या एका आळीत आणि हात दुसऱ्या आळीत, ही वाटणी आपण जातीबरोबर घेतली आणि जपली.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत, रात्री घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला ई-स्कूटरच्या दुकानातली आग वरच्या लॉजपर्यंत पोहोचून आठ जण गेले. त्याच सुमारास सरकारने ई-दुचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. १ डिसेंबर २०२२ पासून एक टप्पा, ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. चार्जरने ठरल्या व्होल्टेजला थांबावे, फार उतरलेली बॅटरी आधी ओळखावी, असे त्यात आले. चांगले झाले. पण नियम कारखान्याच्या फाटकापर्यंत. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॉटच्या आतली गाडी कायद्याने मोटार वाहनच नाही; तिला ना नंबर, ना लायसन. आणि बाजारातला सुटा चार्जर तपासायला कोण जातो?

बॅटरी घरात, उशाशी का येते, हेही विचारायला हवे. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मागा, सोसायटीची सभा आगीच्या भीतीने नाही म्हणते. मग तीच बॅटरी जिन्याने वर जाते आणि बाहेर पडायच्या एकमेव दाराजवळ, चपलांच्या ढिगात रात्रभर चार्ज होते. आग तीच, तिचा पत्ता तेवढा सभेच्या इतिवृत्तातून निघून एका बिऱ्हाडात गेला. भाडेकरूला तर मागायचीही सोय नाही.

या सगळ्याच्या तळाशी आहे भाड्याच्या स्कूटरवर सामान पोहोचवणारा पोरगा. दिवसाची कमाई बॅटरीवर, म्हणून ती शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची आणि रात्री खोलीत चौघांच्या अंथरुणांमध्ये मिळेल त्या चार्जरवर लावायची. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणाऱ्या कितीजणांच्या इमारतीत त्याला खाली अर्धा तास प्लग मिळतो? प्लग दूरच, काही इमारतींत त्याने लिफ्ट वापरू नये असा बोर्ड लावलेला आहे, आणि तो शुद्ध मराठीत आहे.