'नवगति' की 'नाविक'?

चंदन नदीकाठच्या रामपायलीस रामरायाच्या दर्शनासाठी आम्ही मध्यंतरी गेलो होतो; तेही मोबाइलने दाखविलेल्या वाटेने. सभामंडपात एक सद्गृहस्थ ठासून सांगत होते, "वाट दाखविणारी ही विद्या आपली आणि तिचे 'नॅव्हिगेशन' हे नावही आपलेच! मूळ संस्कृत शब्द 'नवगति'." श्रोत्यांनी माना डोलाविल्या. आम्हांस मात्र गप्प राहवेना.

'नवगति' म्हणजे नवी गती. तीत नौका आली कोठून? नौकेची गती ती 'नौगति'. इंग्रजांनी हा शब्द घेतला लॅटिनमधून. तेथे 'नाविस्' म्हणजे नौका आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. खरी मौज पुढेच आहे. 'नाविस्'चे सख्खे नाते आपल्या 'नौ'शी, आणि 'आगेरे'चे हाकणे याच अर्थाच्या 'अज्' धातूशी! परंतु हे नाते बहिणीबहिणींचे, मायलेकींचे नव्हे. या बहिणींची माय त्यांच्याहून प्राचीन व बहुधा लुप्त झालेली असावी, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास मांडला. वारसा शाबीत होतो तो वंशावळीने, नावाच्या सारखेपणाने नव्हे.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? अभिमान तर वाढतो! बिघडते ते असे. साक्षीदाराचे एक विधान खोटे ठरले म्हणून आपली न्यायालये त्याची सारी साक्ष फेकून देत नाहीत. खरेखोटे निवडून घेतात. जगाच्या न्यायालयात ही सवलत नाही. तेथे 'नवगति' खोटी ठरली की पाणिनीची खरी थोरवीही हसण्यावारी जाते.

आणि खोट्याची गरज तरी काय? नौकेने तरून जाणारा तो 'नाविक', हा शब्द पाणिनीने प्रत्यय सांगून सिद्ध करून ठेवला आहे. २०१६ साली सातवा उपग्रह सोडल्यावर भारताने आपल्या मार्गदर्शक यंत्रणेस हेच नाव दिले. ते इंग्रजी आद्याक्षरांतून जुळविले हे खरे. पण जुळून आलेला शब्द निर्विवाद आपला आहे.

ज्या प्रभूने पित्याच्या एका वचनासाठी राज्य सोडले, त्याच्या सभामंडपात तरी खोट्या व्युत्पत्तीचा जयजयकार होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.