विश्लेषण : वॉचमन आहे, कॅमेरेही आहेत, मग एकट्या ज्येष्ठांची सुरक्षा कुठे अडते?

मुले परगावी किंवा परदेशी आणि घरात एकटे आई-वडील, हे मुंबई, ठाणे, पुण्यातील जुन्या सोसायट्यांमधले चित्र आता नवे नाही. परिसरात घरफोड्या वाढल्या की सोसायटीची बैठक भरते, कॅमेरे वाढतात, गेटवर नोंदवही येते. ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी कायद्यातच काही तरतुदी आहेत, याची आठवण मात्र क्वचितच होते.

पोलिसांवर कोणती जबाबदारी?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा पोटगीसाठी ओळखला जातो. पण ज्येष्ठांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी सर्वंकष कृती आराखडा आखण्याचे बंधन त्यातील कलम २२ ने राज्य सरकारांवर घातले आहे. केंद्राच्या नमुना नियमांनुसार पोलीस ठाण्याने हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी अद्ययावत ठेवायची असते. महिन्यातून किमान एकदा त्यांच्या घरी भेट द्यायची आणि मागणी झाल्यास घरकामगारांची पार्श्वभूमीही तपासायची, असे हे नियम सांगतात. कागदावर ही व्यवस्था चांगलीच म्हणायला हवी. अडचण अशी, की यादीत नाव नसेल तर भेटही नाही; आणि गुडघेदुखीने जिना न उतरणारी व्यक्ती नाव नोंदवायला ठाण्यात जाणार कशी? हे काम सोसायटीच्या सचिवानेच अंगावर घ्यायला हवे.

गेटवरचा पहारा किती उपयोगाचा?

खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना सक्तीचा आहे. तिच्या रक्षकाची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षणही बंधनकारक आहे. खर्च वाचवण्यासाठी सोसायटीने थेट नेमलेला वॉचमन या चौकटीबाहेर राहतो. शिवाय गेटवर अडतो तो अनोळखी माणूस. कामवाली, केअरटेकर, प्लंबर, गॅस दुरुस्तीवाला यांना घरातूनच ‘पाठवा वर’ असा निरोप जातो. यातले बहुतेक विश्वासाचेच असतात, किंबहुना एकट्या ज्येष्ठांचा तोच आधार असतो. म्हणूनच पडताळणी कामावर ठेवण्याआधी व्हावी, संशय आल्यावर नव्हे.

इमारतीच्या रचनेचे काय?

‘महारेरा’ने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले. त्यात ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, व्हीलचेअर मावणारी लिफ्ट, न घसरणारी फरशी, विजेची पर्यायी सोय यांचा समावेश आहे. हे निकष नव्या प्रकल्पांसाठी आहेत; बहुसंख्य ज्येष्ठ मात्र चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत राहतात. तिथे उपाय एकच सुचतो : सेफ्टी डोअर, दोन-तीन कड्या, खिडक्यांना लोखंडी ग्रिल. चोर बाहेर राहतो हे खरे, पण आत कुणी न्हाणीघरात पडले किंवा आग लागली, तर मदतही बाहेरच राहते. बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप, विश्वासू शेजाऱ्याकडे दुसरी किल्ली, उघडता येणारी ग्रिलची खिडकी आणि पलंगाजवळ घंटेचे बटण, एवढी सोय जुन्या घरातही फारशा खर्चाविना होते.

फोनवरून येणाऱ्या चोराला कोण अडवणार?

‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही कारवाई कायद्यात नाही. तरीही व्हिडीओ कॉलवर तोतया पोलीस ज्येष्ठांना तासन्‌तास धाक दाखवतात आणि आयुष्याची पुंजी वळती करून घेतात. गेटवरच्या कॅमेऱ्याला यातले काहीच दिसत नाही. अशा वेळी १९३० वर तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हे क्रमांकही मोठ्या अक्षरांत फोनशेजारी लावलेले बरे. मोबाइलमध्ये ‘सेव्ह’ केलेला नंबर घाबरलेल्या माणसाला सापडत नाही.